शोभेचा रिले, साडेसहा हजारांना

जुन्या गाडीला इलेक्ट्रिक रेडिएटर फॅन बसवून घ्यायचं कुणाच्या मनात असेल तर गाडी गॅरेजात टाकायच्या आधी हे वाचून घ्या. सोलापूरकरांनी तर नक्कीच. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला टेकतो आणि पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, जुनी जीप सांभाळणारे हौशी लोक नेमके तेव्हाच इलेक्ट्रिशियनच्या दारात उभे असतात. घाईला आलेलं गिऱ्हाईक या मंडळींना लांबूनच ओळखू येतं.

आमच्याकडे वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे. १०८९ सीसीचं इंजिन आणि पट्ट्यावर फिरणारा फॅन. असा फॅन इंजिनच्या तालावर फिरतो, त्यामुळे गाडी सिग्नलला थांबली की तोही मंदावतो आणि जेव्हा हवा सगळ्यात जास्त लागते तेव्हाच ती मिळत नाही. पुणे रोडला गाडी गार असायची, सात रस्त्याच्या गर्दीत तापायची. उभी असताना तापते आणि पळायला लागली की उतरते, म्हणजे फॅनची हवा कमी पडते, हे सरळ आहे. याच्या उलट, पळताना तापत असेल तर रेडिएटर चोंदलेला असतो, पाणी नीट फिरत नसतं किंवा समोरून येणारी हवाच कुठेतरी अडत असते. हा फरक ध्यानात ठेवा. पुढे सगळं त्याच्यावरूनच उघडं पडलं.

ज्याच्याकडे काम दिलं त्या ऑटो इलेक्ट्रिशियनचं नाव घेत नाही. बोलायला एकदम गोड. "मालक, मारुतीचा नवा फॅन टाकतो, रिले, फ्यूज, थर्मो स्विच, वायर अडीच एमएमची. पाणी तापलं की आपोआप चालू, गार झालं की बंद. तुम्ही बघायचंच नाही." रिले म्हणजे थोड्याशा करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारी डबी. साडेसहा हजार ठरले. पक्कं बिल मागितलं तर वहीचा कागद फाडून त्यावर 'फॅन काम' लिहून दिलं. पैसे मात्र मी यूपीआयने दिले, ते बरं झालं.

गाडी घ्यायला गेलो तेव्हा बॉनेट उघडून त्याने सगळं कौतुकाने दाखवलं. काळा रिले, शेजारी पिवळा २० अँपिअरचा फ्यूज, वायरींवर पन्हाळीची नळी, वरून टेप. कंपनीतून आल्यासारखं काम. किल्ली फिरवली की फॅन सुरू. इंजिन थंड असताना हा कसा फिरतो, असं विचारलं, तर म्हणाला, "उन्हाळ्याचं सेटिंग आहे मालक. पाऊस लागला की या, फुकटात बदलून देतो."

असं सेटिंग नसतं. साध्या थर्मो स्विचला ना उन्हाळा कळतो ना पावसाळा. तो ठरलेल्या तापमानाला जोडतो, त्याहून थोडं खाली आलं की तोडतो, बस्स. थंड गाडीत किल्ली फिरवताच फॅन फिरत असेल तर एक तर स्विच बिघडलेला असतो किंवा तो जोडलेलाच नसतो.

गावात गाडी आधीसारखीच तापत होती. मग घरच्यांना घेऊन तुळजापूरला निघालो आणि मोकळ्या रस्त्यावर, गाडी चांगली पळत असताना, टेंपरेचरचा काटा चढायला लागला. हे पद्मिनीने आधी कधीच केलं नव्हतं. तुळजापूरच्या घाटाच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ आणि त्याहून वाईट म्हणजे किल्लीच्या बाजूने प्लास्टिक जळाल्याचा वास. गाडी बाजूला घेतली, सगळ्यांना खाली उतरवलं. रेडिएटरचं झाकण पूर्ण गार होईपर्यंत उघडू दिलं नाही. दाबाखालचं उकळतं पाणी तोंडावर येतं, हे माहीत असूनही लोक घाईत हात घालतात. आईने बॅगेतली भाकरी आणि शेंगाचटणी काढली, लिंबाखाली बसून खाल्ली, देवदर्शन राहिलं.

सोलापुरात एक म्हातारे वायरमन आहेत, अ‍ॅम्बेसेडर टॅक्सीच्या काळातले. त्यांनी काहीही न उघडता तीन गोष्टी केल्या. फॅन चालू असताना फ्यूज उपटला. फॅन फिरतच राहिला. रिले उपटून माझ्या हातात दिला. तरी फॅन फिरतोय! मग वर्तमानपत्राचं पान जाळीसमोर धरलं. रेडिएटरमागे बसवलेल्या फॅनने ते आत ओढून जाळीला चिकटवायला पाहिजे. आमचं पान उलट बाहेर फडफडलं. मोटरच्या दोन वायरी उलट जोडल्या होत्या. गाडी पळताना समोरून येणाऱ्या वाऱ्याला आमचाच फॅन मागून ढकलत होता.

टेप कापायच्या आधी या वायरमन काकांनी मला मोबाइलवर व्हिडिओ घ्यायला लावला. "नंतर तो म्हणंल, तुम्हीच बाहेर हात लावून आणला." आणि झालंही तसंच.

टेपखाली रिलेच्या चारही वायरी वीतभर जाऊन कापलेल्या. थर्मो स्विच पाण्यात नव्हताच. तो बसवायचा तर रेडिएटरवाल्याकडून टाकीला बॉस, म्हणजे स्विच बसवायचं आट्यांचं तोंड, पक्का जोडून घ्यावा लागतो, इथे तो प्लास्टिकच्या पट्टीने बाहेरून नुसता बांधलेला होता. फॅनचा करंट हॉर्नला वापरतात तसल्या बारीक वायरीतून थेट इग्निशन स्विचवरून घेतला होता, मध्ये फ्यूज नाही. मोटर 'नवी' म्हणजे भंगारातली, काळा रंग मारलेली. आत बुश, म्हणजे दांड्याला आधार देणारी कडी, गेलेला, त्यामुळे ती जड फिरत होती आणि जास्त करंट खात होती.

यातला धोका सांगतो. असा फॅन साधारण १० अँपिअर खातो, १२ व्होल्टला १२० वॅट, म्हणजे ६० वॅटचे दोन हेडलाइट सतत लावल्यासारखं. सुरू होताना क्षणभर याच्या दुपटीहून जास्त. एवढा भार इग्निशन स्विचच्या जुन्या कॉन्टॅक्टवर टाकला की ते तापतात, प्लास्टिक मऊ पडतं आणि बारीक वायर कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर तोडायला फ्यूजही नाही. वास आला नसता तर गाडी पेटलीच असती, असं काका म्हणाले. मला ते अतिशयोक्तीचं वाटत नाही.

खरं काम त्यांनी पुन्हा केलं ते असं: बॅटरीच्या प्लसवरून निघाल्या निघाल्या फ्यूज, तिथून जाड वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनला, ८७ वरून फॅनला, फॅनचं दुसरं टोक रंग खरवडून बॉडीला अर्थ. ८६ ला इग्निशनची बारीक वायर, ८५ थर्मो स्विचमधून अर्थला. इग्निशनवर फक्त रिलेच्या कॉइलचा किरकोळ भार येतो. आता रिले उपटला की फॅन थांबतो, सिग्नलला काटा चढला की आपोआप लागतो. पैसे देण्याआधी तुम्हीही थंड इंजिनवर किल्ली फिरवून बघा, मग गाडी उभ्या जागी तापू द्या, फॅन लागला की रिले उपटा, कागद धरा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. जो कारागीर यावर चिडेल त्याच्याकडे गाडी ठेवू नका.

पहिला गडी आधी साफ नाकबूल गेला. व्हिडिओ दाखवला तर पोराने चुकून केलं म्हणाला. पोराने चुकून रिलेच्या चार वायरी कापून वर टेप गुंडाळला! मग मी यूपीआयची नोंद दाखवून सांगितलं की १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करतो आणि जिल्हा ग्राहक आयोगातही जातो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, हे त्याला माझ्याआधीच माहीत असावं, कारण आवाज लगेच खाली आला. साडेचार हजार परत दिले, बाकीचे 'मजुरी' म्हणून ठेवून घेतले. भांडत बसलो नाही.

पद्मिनीचा मूळ पट्ट्यावरचा फॅन मात्र मिळाला नाही. विचारलं तेव्हा भंगारात गेला म्हणाला. चांगल्या स्थितीतला तसा फॅन आता सहज सापडत नाही आणि ज्यांना हवा असतो ते मागतील ती किंमत देतात, म्हणजे तो कुठे गेला असेल हे उघड आहे. तुमच्या गाडीतून काढलेला प्रत्येक पार्ट, मग तो गंजलेला का असेना, त्याच दिवशी मोजून डिकीत टाकून घ्या.