दहा तोळे आणि एक गुलाबी पावती

ग्रॅच्युइटीचे आणि फंडाचे पैसे हातात आले तेव्हा जो तो सांगत होता, सगळं बँकेत घालू नका, थोडं सोनं घ्या. सल्ला चुकीचा नव्हता. मी जिल्हा परिषदेचा शिक्षक, 2021 ला निवृत्त झालो. त्या वर्षीच्या धनत्रयोदशीला तालुक्याच्या गावी, वडिलांपासून ओळख असलेल्या सराफाकडे दहा तोळ्यांची वेढणी, म्हणजे चोख सोन्याचं वळं, घेतली. भाव तोळ्याला 48 हजारांच्या आसपास होता.

"गुरुजी, बिल पक्कं करू की कच्चं?" पक्क्यावर 3 टक्के जीएसटी, म्हणजे चौदा-साडेचौदा हजार. मी कच्चं म्हणालो. बरीच हुशारी केल्यासारखं वाटलं होतं तेव्हा.

वेढणी काट्यावर ठेवून त्याने आकडा दाखवला, मग हिच्या तळहातावर ठेवली. हिने मूठ मिटली, हात जरा खालीवर केला. तेवढी दोन मिनिटं ते सोनं आमचं होतं. मग चहा आला.

"काकू, एवढं घरी नेऊन ठेवणार कुठे? लॉकरचं भाडं भरा, वर जिवाला घोर. इथेच राहू द्या. शंभर ग्रॅमवर वर्षाला आठ ग्रॅम वाढवून देतो. हवं तेव्हा दागिना करून न्या, घडणावळ माफ."

हिने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. वेढणी परत ड्रॉवरमध्ये गेली आणि आम्हाला एक गुलाबी पावती मिळाली, 'सोने जमा, 100 ग्रॅम', खाली बॉलपेनने सही. ना शिक्का, ना जीएसटी नंबर.

तेव्हा सरकारी सुवर्ण रोख्यांवर व्याज होतं 2.5 टक्के. बँकेत सोनं ठेवायची सरकारी योजना होती, तीही अडीच टक्क्यांच्या वर देत नव्हती. मग हा आठ कुठून देणार? तेहतीस वर्षं पोरांना सरळव्याज शिकवलेल्या माणसाने हे विचारायला नको होतं का? सराफांच्या भिशा अकरा महिन्यांच्या असतात त्यालाही कारण आहे, हे मला फार उशिरा कळलं. कंपनीने मालापोटी घेतलेली आगाऊ रक्कम 365 दिवसांत मालात वळती झाली नाही, तर कंपन्यांच्या ठेवींबाबतच्या 2014 च्या नियमांनी ती ठेव ठरते. माझ्या पावतीवर मुदतच नव्हती.

पहिल्या वर्षी अंगठ्या मिळाल्या, दुसऱ्या वर्षी, 2023 च्या दिवाळीत, आठ ग्रॅमची चेन. अंगठ्या बघून माझ्या दोन मित्रांनीही सोनं ठेवलं. त्यांच्यासमोर अजून मान वर होत नाही.

तिसऱ्या दिवाळीआधी शटर बंद. आधी 'लग्नाला गेलेत', मग 'दुकानाचं काम चालू आहे', मग फोनच बंद. चेन दुसऱ्या सराफाकडे नेली. त्याने भिंगातून बघितलं आणि विचारलं, "एचयूआयडी कुठाय?" एचयूआयडी म्हणजे हॉलमार्कसोबतचा अक्षरं-आकड्यांचा सहा खुणांचा नंबर. 1 एप्रिल 2023 पासून त्याच्याशिवाय असा दागिना विकताच येत नाही, आणि तो सरकारी बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून घरबसल्या तपासता येतो. मशीनवर चेन 75 टक्के निघाली. बावीस कॅरेट म्हणजे 91.6.

तक्रार आर्थिक गुन्हे शाखेत आहे, ठेवीदारांच्या 1999 च्या कायद्याखाली, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात. मालमत्ता जप्त होईल, लिलाव होईल, मग वाटप. जबाब घेताना साहेबांनी पहिल्यांदा मागितलं ते पक्कं बिल. सोनं लाखावर गेलं त्या दिवशी कट्ट्यावर एकाने माझं अभिनंदन केलं, त्याला बिचाऱ्याला माहीत नव्हतं.

सराफाने हिच्या पाटल्याही दोनदा मागितल्या होत्या, 'त्याही ठेवा, वाढतील' म्हणून. ही म्हणाली होती, हातातल्या काढत नाही मी. आज घरात खरं सोनं आहे ते तेवढंच.