पीजीअ‍ॅडमिन ४ ची नववी मालिका: काही महिन्यांच्या वापरानंतर

पीजीअ‍ॅडमिन ४ म्हणजे पोस्टग्रेस डेटाबेस सांभाळायचं साधन. त्याच्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नव्हतं. ते बदललं एका टिकमुळे. डॅशबोर्डवर चालू सेशन्सचा (डेटाबेसला जोडलेल्या कनेक्शनांचा) जो तक्ता येतो, त्याच्या वर 'अ‍ॅक्टिव्ह सेशन्स ओन्ली' असा एक छोटा पर्याय आहे. नव्या मालिकेतल्या बाकीच्या गोष्टींबद्दलही लिहितो, पण आधीच सांगून ठेवतो, निम्मं लिखाण या टिकवरच जाणार आहे.

मी एका दूध संघाचा पोस्टग्रेस सर्व्हर सांभाळतो. सकाळ-संध्याकाळ गावोगावच्या संस्थांकडून संकलनाच्या नोंदी येतात, फॅट-एसएनएफवरून (दुधातला स्निग्धांश आणि इतर घन घटक) दर लागतो आणि दर दहा दिवसांनी उत्पादकांचं बिल निघतं. सर्व्हरवर लक्ष ठेवायला पूर्वी एक सशुल्क सेवा होती. दर सर्व्हरमागे, डॉलरात, वर्षभराचे पैसे आगाऊ. नूतनीकरणाचा आकडा वाढून आला तेव्हा लेखा विभागाने फाइल परत पाठवली, आणि खरं सांगायचं तर माझीही सही करायची इच्छा नव्हती. त्या सेवेत मी बघत होतो ते तीन-चार आलेख. एवढ्यासाठी उत्पादकांच्या पैशातून डॉलर मोजणं मला पटत नव्हतं. म्हणून ठरवलं, पीजीअ‍ॅडमिन फुकट आहे, सर्व्हरवर आहेच, त्याचीच नवी आवृत्ती नीट वापरून बघू.

तोवर पीजीअ‍ॅडमिनकडे मी फक्त क्वेरी (डेटाबेसला द्यायचे प्रश्न-आदेश) लिहायची जागा म्हणूनच बघत आलो होतो. त्यातही जुन्या पीजीअ‍ॅडमिन ३ ची सवय. २०१६ मध्ये पहिलं पीजीअ‍ॅडमिन ४ आलं तेव्हा ते इतकं जड आणि संथ होतं, की आमच्यातले बरेच जण सरळ कमांड लाइनवर गेले. तो राग मनात राहिलाच. शिवाय पीजीअ‍ॅडमिन ३ मध्ये 'सर्व्हर स्टेटस' नावाची एक खिडकी होती, तिच्यात सेशन्स, लॉक्स, प्रिपेअर्ड ट्रान्झॅक्शन्स आणि लॉग फाइल (सर्व्हरची घडामोडींची नोंदवही) एकाखाली एक दिसायचं. ती सोय नव्यात पूर्णपणे परत यायला कितीतरी वर्षं गेली. आता डॅशबोर्डवर 'अ‍ॅक्टिव्हिटी', 'स्टेट', 'कॉन्फिगरेशन', 'लॉग्ज', 'सिस्टिम' असे टॅब आहेत, म्हणजे जुन्या खिडकीतलं जवळपास सगळं आलं आणि थोडं जास्तच.

आता मुद्द्याचं. बिलाच्या दिवशी संध्याकाळी संकलनाच्या नोंदी अडकल्या. संस्थांवरून फोनवर फोन. 'सर, एंट्री सेव्हच होईना, गोल फिरतंय नुसतं.' सॉफ्टवेअर ज्यांचं आहे त्यांना फोन लावला, तर त्यांचं नेहमीचं उत्तर: सर्व्हर कमी पडतोय, रॅम वाढवा. हे उत्तर आम्ही कितीतरी वेळा ऐकलंय आणि एकदा त्यावर खर्चही झालाय. 'अ‍ॅक्टिव्हिटी'तले आलेख बघितले. ट्रान्झॅक्शन्स (एकत्रच पक्के होणारे बदलांचे गट) प्रति सेकंद जवळपास तळाला टेकलेले, ब्लॉक आय/ओ (डेटा वाचण्याची हालचाल) नगण्य. सर्व्हर दमलेला नव्हता, रिकामा बसला होता.

मग 'स्टेट' टॅब, त्यात सेशन्स. तक्ता भला मोठा. हे सॉफ्टवेअर प्रत्येक खिडकीसाठी वेगळं कनेक्शन उघडतं, त्यामुळे नुसती 'आयडल', म्हणजे रिकामी बसलेली, सेशन्सच ढिगाने. त्या गर्दीत डोळ्यांनी शोधणं अशक्य. 'अ‍ॅक्टिव्ह सेशन्स ओन्ली'वर टिक केली. मला वाटलं होतं की आता फक्त या क्षणी क्वेरी चालवणारी सेशन्स उरतील. तसं झालं नाही. नुसती 'आयडल' होती तेवढी गेली, पण 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' जागेवर राहिली. ज्याने कोणी हे ठरवलं त्याने खऱ्या सर्व्हरवर रात्री काढल्या असाव्यात. ट्रान्झॅक्शन उघडं टाकून गप्प बसलेलं सेशन काहीच करत नसतं, पण त्याने डेटावर धरलेली कुलपं (लॉक्स) सुटलेली नसतात. नावाप्रमाणे अक्षरशः फक्त 'अ‍ॅक्टिव्ह' अवस्था गाळून दाखवली असती, तर नेमका तोच आरोपी यादीतून पसार झाला असता.

उरलेल्या ओळी अगदी बोलक्या होत्या. 'वेट इव्हेंट'च्या रकान्यात ओळीमागून ओळ 'लॉक: ट्रान्झॅक्शनआयडी', आणि शेजारी 'ब्लॉकिंग पीआयडीज'मध्ये प्रत्येकाला कोणी अडवलंय त्याचा प्रोसेस क्रमांक. पहिल्याला दुसऱ्याने अडवलेलं, दुसऱ्याला तिसऱ्याने. असं मागे मागे जात एका ओळीवर पोचलो, जिच्या 'ब्लॉकिंग पीआयडीज'मध्ये काहीच नव्हतं आणि अवस्था होती 'आयडल इन ट्रान्झॅक्शन'. तिच्या डावीकडचा बाण दाबून तपशील उघडला: अ‍ॅप्लिकेशनचं नाव, क्लायंटचा पत्ता, शेवटची अवस्था कधी बदलली ती वेळ, आणि एसक्यूएल. बिलाच्या स्क्रीनवर पशुखाद्याची कपात आणि उचल वळती करणारं अपडेट. अवस्था बदललेली वेळ बघितली तर चहाच्या सुट्टीची.

म्हणजे घडलं होतं असं. कारकुनाने बिलाची स्क्रीन उघडली, सॉफ्टवेअरने ट्रान्झॅक्शन सुरू करून उत्पादकांच्या खात्यांवर अपडेट मारलं, आणि कमिट (बदल पक्के करणं) मात्र माणसाने 'पोस्ट' बटण दाबेपर्यंत थांबवून ठेवलं. माणूस चहाला गेला, खाती कुलूपबंद राहिली, आणि त्या खात्यांना हात लावणारी प्रत्येक संध्याकाळची नोंद रांगेत उभी. कारकुनाचा यात काडीचा दोष नाही. माणसाच्या बटणाची वाट बघत ट्रान्झॅक्शन उघडं ठेवायचं नसतं, हा सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने पाळायचा प्राथमिक नियम आहे.

इथे दोन बारकावे सांगतो, कारण पीजीअ‍ॅडमिन ते सांगत नाही. एक, तपशिलात दिसणारं एसक्यूएल हे त्या सेशनने चालवलेलं शेवटचं वाक्य असतं. कुलूप त्याच्या आधीच्या एखाद्या वाक्याने घेतलेलं असू शकतं. आमच्या बाबतीत शेवटचंच वाक्य दोषी निघालं, पण दर वेळी तसंच असेल असं धरून चालू नका. दोन, ओळीच्या सुरुवातीला दोन खुणा आहेत, एक क्वेरी रद्द करायची आणि एक सेशन संपवायची. 'आयडल इन ट्रान्झॅक्शन'वर क्वेरी रद्द करायची खूण दाबून काहीही होत नाही, कारण रद्द करायला चालू क्वेरीच नसते. आणि विनंती गेली असा संदेश येत असल्याने नवखा माणूस समजतो की काम झालं. तिथे सेशनच संपवावं लागतं. ते संपवलं, आणि रांगेतल्या नोंदी भराभर आत आल्या. हा फरक त्या खुणेवरच कुठेतरी लिहायला हवा होता.

एवढ्या जोरावर मी पीजीअ‍ॅडमिनला डोक्यावर घेतलं असतं. पण दुसऱ्याच दिवशी सॉफ्टवेअरवाल्यांनी 'पुरावा द्या' म्हटलं, आणि तिथे या साधनाची खरी उणीव उघडी पडली. डॅशबोर्ड काहीही साठवून ठेवत नाही. टॅब बंद केला की आलेख गेले. पुन्हा उघडला की आताच्या क्षणापासून कोरी पाटी. काल संध्याकाळी किती कनेक्शन्स होती, ब्लॉकिंग कधी सुरू झालं, यातलं काही मागे जाऊन बघता येत नाही. आणि काही बिघडलं तर कळवायची सोयही नाही, ना ईमेल, ना आणखी काही. सशुल्क सेवेला मी नावं ठेवत होतो, पण निदान मागचे काही दिवस ती दाखवायची. हे मला फार खुपलं आणि अजूनही खुपतं. मॉनिटरिंग म्हणवून घेणाऱ्या साधनाने आठवडाभराची नोंद तरी ठेवायला हवी, मग ती एका साध्या टेबलात का असेना.

उपाय पोस्टग्रेसमध्येच सापडला, आणि तो नव्या 'लॉग्ज' टॅबमुळे वापरण्याजोगा झाला. पोस्टग्रेसमध्ये 'लॉग-लॉक-वेट्स' नावाची सेटिंग आहे. ती चालू केली की एखादं सेशन कुलपासाठी 'डेडलॉक-टाइमआउट'पेक्षा जास्त थांबलं तर त्याची नोंद लॉगमध्ये पडते, अडवणाऱ्याच्या प्रोसेस क्रमांकासकट. हा टाइमआउट मुळात एक सेकंद असतो. लॉग सीएसव्ही किंवा जेसन स्वरूपात लिहायला सांगितला (जेसनची सोय पोस्टग्रेस १५ पासून आहे), तर 'लॉग्ज' टॅबमध्ये तो नीट तक्त्यासारखा दिसतो. साधा मजकूर ठेवला तर नुसता मजकूर. मात्र लॉगिंग कलेक्टर (लॉग फाइलमध्ये लिहिणारी पोस्टग्रेसची प्रक्रिया) चालू असायला हवा, आणि तो चालू करायला सर्व्हर एकदा रीस्टार्ट करावा लागतो. पहाटेचं संकलन सुरू व्हायच्या आत ते उरकलं. पुढच्या बिलाच्या वेळी पुरावा आपोआप जमा होत होता.

त्यामुळे 'लॉग्ज' टॅबबद्दलचं माझं सुरुवातीचं मत मागे घेतो. 'जुनंच परत आणलंय, त्यात काय नवीन' असं मी सहकाऱ्यांसमोर म्हणालो होतो. आता रोज सकाळी सगळ्यात आधी तोच टॅब उघडतो.

वर्कस्पेसेसबद्दलही असंच मत पालटलं, पण अर्धवट. ९.० मध्ये हे आलं: डावीकडे खुणांची पट्टी, आणि क्वेरी टूल, पीएसक्यूएल (कमांड लाइन), स्कीमा डिफ (दोन डेटाबेसांची रचना ताडून बघणारं साधन) यांना आपापली स्वतंत्र जागा. पहिल्यांदा वाटलं, चांगल्या चाललेल्या घडीला उगाच हात लावलाय. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन जुनी क्लासिक मांडणी निवडता येते आणि मी ती निवडलीही. पुढे एका परगावच्या शीतकरण केंद्राच्या सर्व्हरवर एकदाच डोकावायचं होतं, तेव्हा क्वेरी टूलच्या वर्कस्पेसमधून तो सर्व्हर झाडात (सर्व्हरांच्या यादीत) न नोंदवताच जोडता आला. काम झालं, मागे कचरा राहिला नाही. तेव्हापासून वर्कस्पेस मांडणीच ठेवली आहे. छोट्या लॅपटॉपवर ती पट्टी जागा खाते, ही तक्रार कायम.

एक छोटी गोष्ट, जी प्रत्येकाने करावी: सर्व्हरच्या गुणधर्मांत पार्श्वभूमीचा रंग देता येतो. खऱ्या सर्व्हरला लाल, चाचणीच्याला हिरवा. क्वेरी टूलमध्येही तो रंग दिसतो. डिलीट लिहिताना हात आपोआप थबकतो.

'सिस्टिम' टॅबवर मात्र फार भिस्त ठेवू नका. प्रोसेसर, मेमरी, डिस्क दिसायला सर्व्हरवर 'सिस्टिम स्टॅट्स' हे वेगळं एक्स्टेन्शन बसवावं लागतं, आणि भाड्याच्या क्लाउड डेटाबेसवर स्वतःहून असं काही बसवता येत नाही. आमचा सर्व्हर स्वतःचा असल्याने जमलं. तसंच, डॅशबोर्ड बघणाऱ्या युजरला 'पीजी-मॉनिटर' हा रोल दिला नसेल, तर इतरांच्या क्वेरींच्या जागी 'अपुरे अधिकार' एवढंच येतं. त्यासाठी कोणाला सुपरयुजर करू नका, हा रोल पुरतो.

आलेख मुळात फार लवकर लवकर ताजे होतात. माझ्या दृष्टीने हे अनावश्यक आहे, मी दहा सेकंदांवर नेलं. झाडात जेवढे डेटाबेस उघडाल तेवढी कनेक्शन्स पीजीअ‍ॅडमिन स्वतः घेतं, हेही लक्षात असू द्या. पोस्टग्रेसची कनेक्शन मर्यादा मुळात शंभर असते, आणि तीन जणांनी दिवसभर सगळं उघडं ठेवलं तर ते सेशन्सच्या तक्त्यात 'पीजीअ‍ॅडमिन ४' या नावाने चांगलंच दिसतं.

अपडेट टाळू नका, हे मात्र कळकळीने सांगतो. ९.२ च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये सर्व्हरवर परकं कोड चालवू देणारी गंभीर त्रुटी होती (सीव्हीई-२०२५-२९४५). जे लोक पीजीअ‍ॅडमिन ब्राउझरमधून सगळ्यांना वापरायला देतात, त्यांनी आपली आवृत्ती आजच तपासावी. आणि तो पत्ता इंटरनेटवर उघडा ठेवू नका, व्हीपीएनच्या आतच असू द्या.

सशुल्क सेवा आम्ही पुन्हा घेतली नाही. इशाऱ्यांसाठी क्रॉनवर (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीवर) एक छोटी स्क्रिप्ट लावली आहे. ती ठरावीक वेळाने पोस्टग्रेसमधली चालू सेशन्सची यादी, म्हणजे पीजी-स्टॅट-अ‍ॅक्टिव्हिटी वाचते, जास्त वेळ उघडी राहिलेली ट्रान्झॅक्शन्स एका टेबलात टाकते आणि मला मेल करते. हे काम पीजीअ‍ॅडमिनने करायला हवं होतं.

सॉफ्टवेअरवाल्यांशी वाद अजून मिटलेला नाही. लॉगच्या ओळी दाखवल्यावर रॅमचा विषय बंद झाला, पण बिलाची स्क्रीन दुरुस्त करायला ते वेगळे पैसे मागतात. म्हणून त्यांच्या युजरवर मी 'आयडल-इन-ट्रान्झॅक्शन-सेशन-टाइमआउट' पाच मिनिटांचा लावला आहे. ही सोय पोस्टग्रेसमध्ये ९.६ पासून आहे आणि एका ओळीत लागते. आता कोणी स्क्रीन उघडी टाकून गेलं तर सर्व्हर ते कनेक्शन तोडतो, अर्धवट अपडेट मागे फिरतं, आणि कारकुनाला परत येऊन बिल पुन्हा उघडावं लागतं. त्याला त्रास होतो हे मान्य, पण संध्याकाळच्या नोंदी अडकत नाहीत. सॉफ्टवेअरवाल्यांचा दर आठवड्याला मेल येतो, 'कनेक्शन टर्मिनेट होतंय, टाइमआउट काढा.' मी त्याला उत्तर म्हणून त्या दिवशीच्या लॉगमधली ओळ जोडून पाठवतो, आणि टाइमआउट तसाच ठेवतो.