सुगंधी जिरेनियम : चौदा महिने घरात ठेवल्यावर

परवाची नव्हे, त्याआधीची दिवाळी झाली आणि पुण्यातल्या एका नर्सरीतून मी गुलाबाच्या वासाचं जिरेनियम आणलं. दोन रोपं, प्रत्येकी ऐंशी रुपये. तेव्हापासून एक पूर्ण उन्हाळा, एक पूर्ण पावसाळा आणि दोन हिवाळे त्यांच्याबरोबर काढले. घ्यावं की नाही असं विचारणाऱ्या मैत्रिणींना मी आता ठामपणे 'घ्या' म्हणते. पण पावसाळ्याची तयारी आधी करा, हेही लगेच सांगते.

फुलांसाठी घेणार असाल तर हे रोप तुमच्यासाठी नाही. माझ्याकडे चौदा महिन्यांत दोनदाच फुलं आली. फिकट गुलाबी, नखाएवढी, वरच्या दोन पाकळ्यांवर जांभळ्या रेघा. त्यांना वास जवळजवळ नाहीच. सगळा वास पानात. शेजारच्या मुलाच्या भिंगाखाली एक पान धरलं, तेव्हा त्याचं कारण डोळ्यांनी दिसलं. पानभर बारीक लव, आणि तिच्यात मधूनमधून टोकाला चमकता थेंब असलेले आखूड केस. बोट फिरवलं की ते थेंब फुटतात. म्हणून कुंडीजवळ नुसतं उभं राहिलं तर फारसं काही जाणवत नाही, पण कपडे वाळत घालताना साडीचा पदर घासून गेला की सगळी गॅलरी घमघमते. गुलाबाच्या तेलातले जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉल हेच घटक यातही भरपूर असतात, त्यामुळे गुलाबाचा भास होतो. मागे थोडा पुदिना, थोडं लिंबू, आणि हिरव्या पाल्याचा उग्रपणा.

आई कोल्हापूरची. जोतिबाच्या चैत्री यात्रेचा दवणा तिच्या लहानपणापासून घरात. तिनं पहिल्याच दिवशी पान चुरगाळलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "हा तर गुलाबाचा दवणा गं!" आमच्याकडे आता तेच नाव चालतं. मला ते फार नेमकं वाटतं. पानाचा वास ही आपल्याकडे नवलाई नाहीच. दवणा, मरवा, पाच (पचौली), गवती चहा हे सगळं आपण देवाला, गजऱ्यात, चहात पिढ्यान्पिढ्या वापरत आलोय. मूळ दक्षिण आफ्रिकेचं हे झाड त्या पंगतीत सहज बसतं.

नावाचा एक घोळ मात्र आधीच सांगते, कारण विकत घेताना तो नडतो. लाल-गुलाबी गुच्छांची, शोभेची जिरेनियम मिळतात ती वेगळी. दोन्ही खरं तर पेलार्गोनियम. लिनिअस या वनस्पतिशास्त्रज्ञानं ही सगळी मंडळी जिरेनियम या एकाच नावाखाली ठेवली होती, १७८९मध्ये पेलार्गोनियम वेगळी काढली गेली, पण बोलण्यात जुनं नाव राहिलं ते राहिलंच. तेव्हा पाटी वाचू नका. पान चोळा, बोटं हुंगा, मग पैसे द्या.

आता मशागत. आमची गॅलरी पूर्वेची, सकाळी अकरापर्यंत ऊन. दहा इंची मातीची कुंडी. माती, गांडूळखत आणि जाड वाळू सारखीच, वर मूठभर नीमपेंड. नोव्हेंबर ते फेब्रुवारी रोप नुसतं सुटलं होतं. शेंडे खुडत राहिले तसं घेरदार झालं. एप्रिल-मेमध्ये वाढ थांबली, खालची पानं पिवळी पडून गळली, तरी जीव धरून राहिलं. पाणी मी माती बोटाच्या दोन पेरांपर्यंत कोरडी झाल्याशिवाय घालत नाही. एकदा पिठ्या ढेकूण आला होता, तो ओल्या कापसानं पुसून काढला. बस, एवढंच.

उन्हाळ्यातून निभावलेलं रोप पावसाळ्यातही तरेल असं मी धरून चालले, आणि तिथेच चुकलं. जुलैत चार दिवस तिरका पाऊस लागला. दोन्ही कुंड्या कठड्यालगतच होत्या. पाचव्या दिवशी मोठ्या रोपाची पानं मान टाकलेली दिसली. तहान लागली असेल म्हणून वाकून पाहिलं, तर मातीलगतचं खोड बोटभर उंचीपर्यंत शाईसारखं काळं. चिमटीत धरलं तर साल ओल्या कागदासारखी सुटून हातात आली, आत सगळं मऊ. आणि वरची पानं मात्र तेव्हाही गुलाबाचाच वास देत होती. मला खरंच रडू आलं. मुळं कुजली की वरून काही उपाय चालत नाही. दुसरं रोप त्याच संध्याकाळी आत खिडकीत घेतलं, दहा दिवस पाणी तोडलं, ते वाचलं.

पुढे वाचताना कळलं की हे दुखणं शेतकऱ्यांचंही आहे. लखनौच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेनं पावसाळ्यात मातृरोपं (ज्यांच्यापासून नवी रोपं करतात ती) पॉलिथिनच्या घुमटाकार छपराखाली जगवायची स्वस्त पद्धत बसवली. पूर्वी एका रोपामागे ३५ रुपयांच्या आसपास खर्च यायचा, तो दोनेक रुपयांवर आला. मी तीच कल्पना घरी वापरली. कठड्याला जाड पारदर्शक प्लास्टिकचं छप्पर बांधलं, बाजू वाऱ्यासाठी उघड्या ठेवल्या. सप्टेंबरपर्यंत पुन्हा काही झालं नाही.

यापेक्षा मोठा आधार फाट्यांचा, म्हणजे नवं रोप करायला छाटून लावलेल्या फांद्यांचा. तेलासाठी लावतात ते गुलाबी वासाचं वाण बी धरत नाही, फाट्यानंच वाढवावं लागतं. जानेवारीत मी सहा फाटे लावले होते. चार-पाच इंचांचे, पेराच्या खाली तिरपा काप, खालची पानं काढलेली, अर्धा दिवस सावलीत सुकवलेले. चार जगले. मोठ्या रोपाचं जुलैत जे झालं त्यानंतर वाचलेल्या रोपाबरोबर या चारांमुळे घरात तो वास टिकला. आता मेअखेरपर्यंत दोन फाटे तयार ठेवल्याशिवाय मी पावसाळ्याला सामोरी जाणार नाही.

वापर रोजचा आहे. सर्वांत आवडती ती साखर. पानं धुऊन कापडावर पूर्ण कोरडी करायची, बरणीत साखरेचा थर, पानांचा थर, असं भरून तीन आठवडे ठेवायचं. मग चाळून घ्यायची. शेवयांच्या खिरीत शेवटी दोन चमचे ही साखर घातली की वेलचीची आठवण होत नाही. लिंबू सरबताच्या पाकात गॅस बंद केल्यावर तीन पानं टाकते आणि दहा मिनिटांनी काढते. एकदा ती रात्रभर विसरले, तर पाक कडवट झाला आणि साबणासारखा लागायला लागला. पान थोडं आणि थोडाच वेळ. नर्सरीतून आणलेल्या रोपाची आधीची पानं खाऊ नका, फवारणी झालेली असते. नवी फूट येऊ द्या.

तेल घरी निघत नाही. साधारण हजार किलो पाल्यातून किलोभर तेल मिळतं, तिथे दोन कुंड्यांचं काय! पातेल्यात मधोमध वाटी, भोवती पानं आणि पाणी, वर उलटं झाकण आणि त्यावर बर्फ, असं केलं की वाटीत अर्धा कप सुगंधी पाणी जमतं. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं. उन्हाळ्यात उशीवर शिंपडायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. वाळलेली पानं पैठण्यांच्या कपाटात पुरचुंडीत ठेवली आहेत, सहा महिन्यांनी चुरली तरी वास येतो.

डासांचं मात्र मनातून काढून टाका. मला विकतानाच सांगितलं होतं की डास फिरकणार नाहीत. फिरकतात, कुंडीवरच बसतात. 'मॉस्किटो प्लांट' म्हणून खपवलं जाणारं याचंच भावंड कॅनडात तपासलं गेलं, त्याचा अहवाल १९९६मध्ये आला. त्यातही झाडाजवळ बसलेल्या माणसांना डास तितकेच चावले. मच्छरदाणी लावा, रोप वासासाठी ठेवा. घरात मांजर-कुत्रं असेल तर कुंडी उंचावर हवी, हा पाला त्यांना बाधतो. नाजूक त्वचेवर रसानं पुरळही उठू शकतं.

काल या हंगामातले आठ फाटे लावले. दोन आईसाठी कोल्हापूरला जायचेत. देवघराच्या खिडकीतली जागा तिनं रिकामी करून ठेवली आहे.