वरून चिकटवलेले पाच स्टार आणि माझे ३३,२९९ रुपये

दसरा-दिवाळीच्या ऑफरमध्ये फ्रिज घ्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा. ५ स्टार, म्हणजे सगळ्यात कमी वीज खाणारा, म्हणून माझ्या गळ्यात मारलेला डबल डोअर फ्रिज २ स्टारचा निघाला. किंमत ३४,५०० रुपये, वर 'जादा वॉरंटी'चे १,७९९, त्यातून जुन्या फ्रिजचे ३,००० वजा. एकूण ३३,२९९ रुपये मोजले. त्यातले १०,००० यूपीआयने, बाकी रोख, कारण 'रोखीत दिलंत तरच हा भाव'. तेच मॉडेल दुसऱ्या दुकानात २५,९९० ला मिळतंय, तेही २ स्टार म्हणून सरळ सांगून.

मी घरून डबे देते. भाज्या, कणीक, दही, ओलं खोबरं, सगळं फ्रिजमध्ये, आणि दार दिवसभर उघडबंद. एसी चार महिने चालतो, फ्रिज बारा महिने चोवीस तास. घरगुती मीटरला १०० युनिटच्या वर गेलं की पुढच्या युनिटांचा दर चढतो, हे डबेवालीला कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून आठ-साडेआठ हजार जास्त गेले तरी चालतील, पण वीज कमी खाणाराच घ्यायचा, असं ठरवूनच गेले होते. नेमकं हेच मी सेल्समनला बोलून दाखवलं. गिऱ्हाईक कशासाठी जास्त पैसे सोडायला तयार आहे हे एकदा कळलं की त्यांना दुसरं काही लागत नाही. दुकानात शिरल्यावर आपली गरज आधी सांगू नका.

आता ते लेबल. दारावर पाच तारे, वर्षाला १४२ युनिट असा आकडा. माझ्या धाकट्या जावेने जवळ जाऊन पाहिलं आणि म्हणाली, "ताई, ह्याच्याखाली अजून एक लेबल आहे बघा." खरंच होतं. खालच्या कोपऱ्यात दुसऱ्या कागदाची कडा दिसत होती, आणि वरचं लेबल नखाएवढं तिरकं बसलेलं. मी तिथल्या तिथे विचारलं. तो पोरगा पापणीही न लववता म्हणाला, "मावशी, ट्रान्सपोर्टमध्ये पहिलं फाटलं, कंपनीनेच नवीन लावून पाठवलंय. आणि इन्व्हर्टर कॉम्प्रेसर आहे, म्हणजे ५ स्टारच असणार ना!" वर 'ऑफर आज संध्याकाळपर्यंतच'. आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो. कडा दिसली होती, बोट ठेवून विचारलं होतं, आणि तोंडावर खोटं ऐकून मी पैसे दिले. पण मला सांगा, विकत घ्यायच्या आधी दुकानातल्या मालाचं लेबल खरवडून बघायचं असतं का? आणि इन्व्हर्टर, म्हणजे गरजेप्रमाणे वेग बदलणारा कॉम्प्रेसर, असला की ५ स्टार ही शुद्ध थाप आहे. इन्व्हर्टरवाले २ आणि ३ स्टारचे फ्रिज बाजारात ढिगाने आहेत.

भांडं फुटलं ते दाराचं रबर बदलायला आलेल्या मेकॅनिककडून. आतल्या बाजूची मॉडेल नंबरची पट्टी वाचून तो म्हणाला, "हे तर टू स्टारचं मॉडेल आहे." बाहेरच्या लेबलवर छापलेला मॉडेल नंबर वेगळाच! लेबलची मुदतही २०२२ मध्येच संपलेली. जानेवारी २०२३ पासून फ्रिजच्या स्टारचे निकष कडक झालेत, त्यामुळे आधीचे ५ स्टार आज ५ राहतीलच असं नाही. स्टार मोजण्याआधी मुदत वाचा. वर्षाच्या युनिटचा आकडा वाचा. आणि लेबलवरचा मॉडेल नंबर आतल्या पट्टीशी अक्षर न् अक्षर जुळवा. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोचं, म्हणजे बीईईचं, मोबाइल ॲप आहे. त्यात मॉडेल शोधलं की खरे स्टार कळतात. माझ्या मॉडेलसमोर २ स्टार, २३६ युनिट. दुकानात उभं राहूनच हे बघा, सेल्समनला घाई असली तरी.

दुकानदार म्हणतो कंपनीशी बोला. कंपनीच्या कस्टमर केअरवरची बाई म्हणते, "मॅडम, कूलिंग व्यवस्थित आहे ना?" आहे म्हटलं तर तक्रार बंद, आणि वर 'आपली समस्या सोडवली आहे' असा मेसेज! पोलीस ठाण्यात सांगितलं, हा ग्राहकाचा मामला, इथे येत नाही. एका सरकारी कार्यालयात गेले तर साहेब म्हणाले, लेबलचं काम दिल्लीचं, दिल्लीला लिहा. म्हणजे खोटं लेबल चिकटवणारा आमच्या पेठेत गल्ल्यावर बसलाय, आणि त्याच्यासाठी मी दिल्लीला लिहायचं? ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा आहे, त्यात लाखांच्या दंडाची तरतूद आहे. दुकानात येऊन एक लेबल खरवडून बघणारा माणूस मात्र कुणाकडेच नाही. बिल मागितलं तर त्यावर नुसतं 'फ्रिज डबल डोअर १ नग'. ना मॉडेल नंबर, ना स्टार, ना जीएसटी नंबर. मी पक्कं बिल मागितलं होतं, 'डिलिव्हरीबरोबर येईल' म्हणाले, ते आजतागायत आलेलं नाही. पक्कं बिल हातात पडेपर्यंत जुना फ्रिज टेम्पोत चढवू देऊ नका. माझा त्यांनी आधी उचलला, मग परत करायच्या गोष्टी मी कशाच्या जोरावर करणार होते?

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. वरच्या लेबलचे, त्याखाली दिसणाऱ्या दुसऱ्या लेबलच्या कडेचे आणि आतल्या पट्टीचे फोटो, यूपीआयची नोंद आणि ते कच्चं बिल जोडलंय. मागणी पूर्ण ३३,२९९ रुपयांची आणि वर नुकसानभरपाईची. वरचं लेबल मी काढलेलं नाही, तुम्हीही काढू नका, तोच पुरावा आहे. ऑफरमध्ये घेतलेल्या फ्रिजची पट्टी आजच तपासा. एकाच दुकानातून फसलेले अनेक जण असतील तर आयोगाच्या परवानगीने सगळ्यांची मिळून एक तक्रार करता येते, आणि मी त्याला तयार आहे.