जिंगदू की फानदू? चिनी भाषक विद्यार्थ्याला इंग्रजी वाचायला शिकवताना

चिनी भाषक विद्यार्थी शिकवणीला आला की पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट ठरवावी लागते. त्याला थोडंच पण खोल वाचायला लावायचं, की सोपं पण भरपूर? चीनमध्ये दोन्ही रीतींना रुळलेली नावं आहेत. ‘जिंगदू’ म्हणजे बारकाईनं वाचन आणि ‘फानदू’ म्हणजे ऐसपैस वाचन. इंग्रजीच्या पदवीला तिथे या नावांचे वेगवेगळे तास चालत आले आहेत. ‘दोन्ही करा’ हा सल्ला फुकटचा. आठवड्याला हाताशी तीन-चार तास असतील, तर त्यातला मोठा वाटा कुणाला द्यायचा हे ठरवावंच लागतं.

जिंगदूची बाजू आधी घेतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. अडीचशे ते साडेतीनशे शब्दांचा उतारा घ्यायचा आणि त्याला दीड तास द्यायचा. पहिलं वाचन चार मिनिटांत, मोकळ्या हातानं. मग प्रत्येक वाक्यातल्या मुख्य क्रियापदाला गोल, त्याच्या कर्त्याखाली रेघ, आणि ‘व्हिच’, ‘हू’, ‘दॅट’ यांच्यामागून येणारं लटांबर कंसात. शेवटी प्रत्येक ‘इट’, ‘धिस’ आणि ‘दे’पासून ते ज्याच्याबद्दल आहे तिथपर्यंत बाण.

हे कंस इतके का लागतात ते मराठी माणसाला चटकन कळेल. ‘वो गग ज़ुओथियान माय द शू’ हे चिनी शब्द ओळीनं असे लागतात: माझा, भाऊ, काल, घेणे, जोडशब्द ‘द’, पुस्तक. ‘माझ्या भावानं काल घेतलेलं पुस्तक’ हा आपलाच क्रम. पुस्तकाबद्दल जे सांगायचं ते सगळं पुस्तकाच्या आधी सांगून होतं. इंग्रजीत ते मागून येतं, आणि बऱ्याचदा ‘दॅट’ही गाळलेला असतो: ‘द बुक माय ब्रदर बॉट येस्टरडे गॉट वेट’. विद्यार्थी ‘बॉट’लाच मुख्य क्रियापद धरतो, ‘गॉट’पाशी अडखळतो, आणि भिजलं ते पुस्तक की भिजला तो भाऊ, हे नुसतं ठोकून देतो. ‘गॉट’भोवती गोल काढून त्याचा कर्ता शोधायला लावला, की गुंता तिथेच सुटतो.

‘ऑल्दो’चंही तसंच. चिनीत ‘सुइरान’ आला की मागोमाग ‘दानशी’ येतो, आपल्या ‘जरी’ला ‘तरी’ लागतो तसाच. इंग्रजीत जोडीतला दुसरा शब्द येतच नाही, पण विद्यार्थी त्याची वाट पाहत राहतो आणि मुख्य विधान कुठे सुरू झालं हे त्याच्या हातून निसटतं. त्याला एवढंच सांगायचं: स्वल्पविरामानंतर नवा कर्ता दिसला की ‘तरी’ तिथे आहे असं समज.

काळाच्या बाबतीत तर जिंगदूला पर्यायच नाही, असं मला वाटतं. चिनी क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही. ‘ल’ आणि ‘गुओ’सारखी छोटी अव्ययं आणि ‘काल’, ‘आधी’ असे शब्द ते काम करतात. त्यामुळे ‘शुड हॅव टोल्ड’मधल्या ‘हॅव’वरून डोळा सरळ घसरतो आणि ‘सांगायला हवं होतं’चं ‘सांगायला हवं’ होतं. माणसानं सांगितलंच नाही, ही त्या वाक्यातली खरी बातमी, आणि तीच निसटते. अशी दहा वाक्यं फळ्यावर घेऊन प्रत्येकाखाली ‘घडलं की नाही घडलं?’ एवढाच प्रश्न विचारला, तर हा दोष बराच आटोक्यात येतो.

इतकं असूनही मी मोठा वाटा जिंगदूला देत नाही, याचं कारण पेन्सिल.

जिंगदूचा उतारा दीड तासानं कसा दिसतो ते पाहा. अनोळखी शब्दाला चिनीत ‘शंगत्स’ म्हणतात, शब्दशः ‘कच्चा शब्द’. अशा प्रत्येक कच्च्या शब्दाच्या डोक्यावर बारीक अक्षरात चिनी अर्थ लिहिलेला असतो. आधी एकेका शब्दावर, मग पदसमूहावर, आणि तिसऱ्या परिच्छेदापर्यंत सगळ्या ओळींवर. चिनी अक्षरं जागा कमी खातात, त्यामुळे दोन ओळींच्या मधल्या फटीत अख्खं भाषांतर मावतं. दुसऱ्या दिवशी हाच कागद समोर ठेवला तर विद्यार्थी झरझर वाचतो आणि उत्तरंही बरोबर देतो. फक्त वाचलेलं असतं चिनी. स्वतःच्या लिपीतलं अक्षर समोर असलं की डोळा आधी त्यावरच जातो, त्यात आळसाचा प्रश्न नाही. मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजीच्या धड्यावर पेन्सिलनं मराठी अर्थ लिहून घेणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

इलाज आहेत. उताऱ्याच्या दोन प्रती काढायच्या, खुणांसाठी एक आणि दुसऱ्या दिवशीच्या वाचनासाठी एक कोरी. अर्थ ओळीवर लिहायचा नाही, वेगळ्या कागदावर अख्ख्या पदसमूहासह लिहायचा. हे नियम पाळून घेता येतात, पण प्रत्येक तासाला राखण करावी लागते, आणि राखण थांबली की पेन्सिल परत ओळीवर येते. वर्गात वीस जण असतील तर सरळ नादच सोडावा लागतो.

आता फानदू. इथलं बहुतेक काम योग्य पायरीचं पुस्तक निवडण्यातच आहे. पायऱ्यांच्या वाचनमाला सगळीकडे मिळतात. ‘ऑक्सफर्ड बुकवर्म्स’ चीनमध्ये ‘शूछोंग’, म्हणजे पुस्तककिडा, या नावानं घरोघरी माहीत आहे. तिच्या पहिल्या पायरीला ४०० मूळशब्द, तिसरीला १०००, सहावीला २५००. पायरी ठरवायला चाचणी लागत नाही. पुस्तक मधोमध उघडून दोनशे शब्द वाचायला लावायचे आणि अनोळखी शब्द बोटांवर मोजायचे. चारपेक्षा जास्त निघाले तर एक पायरी खाली. हे चार हवेतून आलेले नाहीत. मार्सेला हू आणि पॉल नेशन यांच्या २०००च्या अभ्यासापासून, कोशाशिवाय नीट समजायला ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, हा आकडा या क्षेत्रात चालतो.

पहिली अडचण इथेच येते, आणि ती इंग्रजीची नसते. विद्यार्थ्यानं चार-साडेचार हजार शब्दांची यादी पाठ केलेली असते (बहुतेकांच्या यादीत पहिला शब्द ‘अबॅन्डन’, म्हणजे सोडून देणे, आणि तिथेच सोडून देण्याबद्दलचा विनोद सगळ्या चीनला ठाऊक आहे). त्याच्या हातात हजार शब्दांचं पुस्तक दिलं की त्याला ते बालिश वाटतं. चेहरा पडतो, ‘म्येन्त्स’, म्हणजे अब्रू, जाते. वाद घालू नये. त्याला ‘शी रन्स अ शॉप’ वाचायला द्यावं. यादीत ‘रन’ला एकच चिनी अर्थ असतो, धावणे, त्यामुळे ही बाई दुकानात का धावते आहे याचा उलगडा त्याला होत नाही. ‘टेक’, ‘कीप’, ‘मीन’, ‘टर्न’ यांचीही तीच गत. ओळखीच्या शब्दाचा आडवाटेचा अर्थ ही चिनी परीक्षार्थींची जुनी डोकेदुखी आहे, तिला त्यांच्याकडे स्वतंत्र नावही आहे. तो अर्थ यादीत वाढवून पाठ होत नाही. वेगवेगळ्या गोष्टींत आठ-दहा वेळा गाठ पडली की मुरतो.

दुसरी अडचण द्विभाषिक आवृत्त्यांची. इंग्रजीच्या शेजारी चिनी मजकूर असला की पेन्सिलचा त्रास छापील होऊन परत येतो. शक्यतो एकभाषिक प्रत घ्यावी. नसेल तर चिनी पानावर जाड कागद क्लिपनं अडकवावा. गंमत वाटेल, पण उपयोग होतो.

तिसरी अडचण, वाचल्याचं सोंग. पुस्तकाचा चिनी सारांश इंटरनेटवर मिळतो. म्हणून प्रकरण संपल्यावर पर्यायी उत्तरांचे प्रश्न देऊ नयेत. तोंडी तीन प्रश्न पुरतात: कुणाला काय हवं होतं, प्रकरणाच्या शेवटी काय बदललं, पुढे काय होईल असं वाटतं. मोडक्या इंग्रजीत उत्तर आलं तरी चालेल. सारांश वाचणारा दुसऱ्या प्रश्नावर सापडतो.

आता हिशेब. मिनिटाला शंभर शब्द, ही सुरुवातीची सावकाश चाल धरली, तरी रोज वीस मिनिटांत दोन हजार आणि आठवड्याच्या पाच दिवसांत दहा हजार शब्द डोळ्यांखालून जातात. जिंगदूचे दोन उतारे जेमतेम सहाशे-सातशे. चीनच्या उच्च माध्यमिक अभ्यासक्रमात पाठ्यपुस्तकाबाहेरचं वाचन सक्तीच्या टप्प्यात आठवड्याला किमान १५०० आणि पुढच्या टप्प्यात २५०० शब्द धरलं आहे. ते फक्त जिंगदूनं कसं गाठायचं, मला तरी कळत नाही. फरक दिसायला तीन-चार महिने जातात. तो कानालाही कळतो. मोठ्यानं वाचायला लावलं तर सुरुवातीला थांबा प्रत्येक शब्दावर पडतो, नंतर ‘अ‍ॅट द एन्ड ऑफ द स्ट्रीट’ एका दमात येतं. तिथून पुढे डोक्यातलं शब्दाला शब्द भाषांतर मागे पडू लागतं. जिंगदूत हा बदल इतक्या सहज झालेला माझ्या पाहण्यात नाही, अर्थात सगळ्यांचा अनुभव सारखा असेलच असं नाही.

परीक्षा तोंडावर असेल तर मात्र वरचं सगळं बाजूला ठेवावं. सहा आठवड्यांत फानदू काही देत नाही. गाओकाओ, म्हणजे चीनमधली कॉलेज प्रवेशपरीक्षा. तिच्या नव्या राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेत इंग्रजीच्या १५० गुणांपैकी ५० वाचनाचे आहेत. त्यात ‘सातांतून पाच’ वाक्यं निवडून रिकाम्या जागी बसवायची असतात, आणि तिथे ‘इट’, ‘धिस’चे बाण थेट गुण मिळवून देतात. आयेल्ट्समधला ‘नॉट गिव्हन’ही जिंगदूचाच विषय आहे. उताऱ्यात नसलेली पण खरी वाटणारी गोष्ट विद्यार्थी ‘ट्रू’ ठरवून मोकळा होतो. प्रत्येक उत्तरापुढे ओळ क्रमांक लिहायला लावावा, ओळ सापडत नसेल तर ‘नॉट गिव्हन’. उलट चिनी कॉलेजांतल्या ‘सीईटी-४’ या इंग्रजीच्या परीक्षेला वाचनाच्या तीस प्रश्नांसाठी ४० मिनिटंच मिळतात, आणि त्यात हजारेक शब्दांच्या लांब उताऱ्याचे परिच्छेद जुळवायचे असतात. तिथे कंस काढत बसणाऱ्याची वेळ संपते.

आकड्यांचा एक अपवाद. ते कोणत्याही पद्धतीत वेगळे शिकवावेत. चिनी मोजणी ‘वान’ म्हणजे दहा हजार आणि ‘यी’ म्हणजे दहा कोटी अशी चढते, त्यामुळे ‘३.२ मिलियन’ वाचताना ३२० वान करायला वेळ लागतो आणि एखादं शून्य गळतं. आपण तेच ३२ लाख करतो, तेव्हा ही अडचण आपल्याला समजावून घ्यावी लागत नाही. रोज पाच आकडे, दोन आठवडे, बास.

वेळ असेल तर माझी वाटणी अशी आहे: आठवड्यात पाच दिवस वीस-वीस मिनिटं फानदू, आणि एकदा चाळीस मिनिटं जिंगदू. तीही अख्ख्या उताऱ्याची नाही, तर त्या आठवड्यात पुस्तकात अडलेल्या सहा-सात वाक्यांची. म्हणजे कंस, गोल आणि ‘घडलं की नाही’ हे सगळं राहतं, पण ज्या वाक्याची गोष्ट विद्यार्थ्याला आधीच माहीत आहे त्यावर. अर्थ लिहून घ्यायची त्याला फारशी गरजच पडत नाही. त्याच पायरीची सलग तीन पुस्तकं कोश न उघडता झाली की वरची पायरी द्यावी. आणि वाचताना पेन्सिल हातात हवीच म्हणाला, तर अडलेल्या ओळीशेजारी समासात एक टिंब काढू द्यावं. अक्षर नाही.