बी-२७५ साठी पार्ट कुणाचे घ्यावेत: त्याच मॉडेलचे, विलायती भावंडांचे की जुन्या जीपचे?

महिंद्राच्या कांदिवलीच्या कारखान्यातून निघालेला बी-२७५ ट्रॅक्टर मुरबाड-शहापूरकडे एखाद्या गोठ्याशेजारी उभा सापडतो. तो घेऊन चालता करायचा असेल, तर पार्ट कुठून आणायचे हे भाव ठरवण्याआधीच ठरवा.

मूळ रचना इंग्लंडच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरची. तिथे १९५६ मध्ये बी-२५०, १९५८ मध्ये बी-२७५ आणि १९६१ मध्ये बी-४१४ आला. महिंद्राची त्यांच्याशी भागीदारी झाली १९६३ मध्ये. नावं जवळची, चेहरेही जवळचे, म्हणून विकणारा 'सगळं एकच आहे' म्हणतो. ते अर्धंच खरं.

बी-२५० आणि बी-२७५ या दोघांचं इंजिन बीडी-१४४: चार सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ८५.७ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) १०१.६. इंजिनापुरती ही जोडी जमते. गिअरबॉक्स मात्र विसरा. बी-२५० ला पुढचे पाच गिअर, बी-२७५ ला हाय-लो धरून आठ. बी-४१४ मध्ये बीडी-१५४ आहे. स्ट्रोक तोच, बोअर ८८.९. म्हणजे पिस्टन, रिंग, हेड गॅस्केट सगळं वेगळं. त्यात इंग्लंडहून मागवलं तर वाहतूक आणि कस्टम ड्युटी वर. छोटा, हलका, दुसरीकडे न मिळणारा पार्ट असेल तरच त्या फंदात पडा.

आता जीप. महिंद्राच्या सीजे ५००डी जीपमधलं २,३५० सीसी डिझेल बीडी-१४४ च्याच घराण्यातलं, आणि अशा जीप आपल्याकडे भंगारात निघत आल्या आहेत. ठाण्यात बसून शोधणाऱ्याला इंजिनाच्या आतल्या सामानासाठी हा मला सगळ्यांत स्वस्त रस्ता वाटतो. पण 'महिंद्राचं जीप इंजिन' एवढ्यावर हाफ इंजिन (हेडशिवायचा ब्लॉक, क्रँक-पिस्टनसकट) उचलू नका. नंतरचं २,५२३ सीसीचं एमडीआय थेट बी-४१४ च्या बोअरचं, तेव्हा मोह होतोच. ते डायरेक्ट इंजेक्शनचं आहे, डिझेल थेट पिस्टनच्या माथ्यावर फवारणारं; बीडी मालिका हीटर प्लगवाली, डिझेल आधी बाजूच्या छोट्या कप्प्यात पेटवणारी. बोअर जुळला तरी पिस्टनचा माथा जुळत नाही. डिझेल पंपही जीपचा तसाच चढवू नका. पीटीओवर (अवजारं फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टवर) मळणीयंत्र लावलं की ट्रॅक्टरला ठरावीक आरपीएम धरून ठेवावे लागतात, जीपच्या पंपाचं सेटिंग त्यासाठी केलेलं नसतं.

क्रँकचं जर्नल (बेअरिंग बसतं तो गोल भाग) मायक्रोमीटरने मोजूनच बेअरिंग घ्या. आधीच्या मालकाने ग्राइंडिंग केलेलं असेल तर मॉडेल नंबर काहीच सांगत नाही. वागळे इस्टेटमधला लेथवाला हे काम मुकाट्याने करून देतो, दुकानदार मात्र नावावर पार्ट विकतो. बोल्ट इंची आट्यांचे. मिलिमीटरचा दोन आटे जातो आणि ब्लॉकचे आटे खातो.

मागचं सामान कमी कटकटीचं. अवजार जोडायच्या टॉप लिंकची पिन १९ मिमी, खालच्या २२ मिमी, पीटीओ शाफ्ट सहा स्प्लाइनचा. ही मापं ठरलेली असल्याने अवजारं कुठल्याही कंपनीची चालतात.

इंजिन निकामी झालेला पण गिअर नीट पडणारा बी-२७५ मिळत असेल तर घ्या, जीप शोधा. गिअरबॉक्स किंवा हायड्रॉलिक गेलेलं असेल, तर दुसरा अख्खा बी-२७५ आधी बघून या आणि दोघांचा मिळून भाव करा. कास्टिंगवरच्या (ओतीव भागांवर उमटलेल्या) नंबरांचे फोटो काढून ठेवा. रंगाखाली दडलेले असतात, वायर ब्रश सोबत न्या.