बुजऱ्यांसाठी आठ रविवार: धरमपेठेतल्या एका वर्गाचा अनुभव

बुजऱ्या माणसांसाठी चालणाऱ्या वर्गात नाव नोंदवायचे असेल तर फोनच करावा लागतो, हे जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत वाचले तेव्हा हसावे की रडावे ते मला कळेना. तो क्रमांक माझ्या मोबाईलमध्ये अकरा दिवस नुसता पडून होता. बाराव्या दिवशी, काय बोलायचे ते वीजबिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून काढून, मी गच्चीवर गेलो आणि फोन लावला. पलीकडच्या बाईंनी पहिल्याच वाक्याला मला थांबवून नाव आणि वय विचारले आणि माझा सगळा मजकूर वाया गेला.

वर्ग नागपुरात धरमपेठेत, शंकरनगर मेट्रो स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, रविवारी सकाळी आठ ते दहा या वेळेत भरतो. आठ रविवारांचे शुल्क ४,८०० रुपये आहे आणि आमच्या तुकडीत बारा जण होते. शिकवणाऱ्या मॅडम चिकित्सा मानसशास्त्राच्या पदवीधर असून त्यांच्या मदतीला एक तरुण समुपदेशक असतो. पुढे काही तक्रारी लिहायच्या असल्याने वर्गाचे नाव देत नाही. अशा कोणत्याही वर्गात पैसे भरण्यापूर्वी काय पाहावे, यासाठी हा अनुभव वाचावा.

महाविद्यालयात असताना मी व्यक्तिमत्त्व विकासाच्या एका वर्गाला गेलो होतो. तिथे आरशासमोर उभे राहून बोलायला लावत, हात कसे ठेवायचे, नजर कुठे ठेवायची हे शिकवत, आणि मी घरी येताना अधिकच स्वतःकडे पाहू लागलेला असे. ते उलटे का पडले, याचे उत्तर मला वीस वर्षांनी या वर्गात दुसऱ्या रविवारी मिळाले. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये सामाजिक भयगंडाची, म्हणजे चारचौघांत वावरण्याच्या तीव्र भीतीची, जी मांडणी केली, तिचा गाभा मॅडमांनी फळ्यावर एकाच आकृतीत काढून दाखवला. भ्यालेला माणूस समोरच्याकडे पाहतच नाही. तो आतून स्वतःच्याच धडधडीकडे आणि थरथरीकडे पाहत राहतो आणि आतून जे जाणवते तेच बाहेरच्यांना दिसत असणार असे धरून चालतो. शिवाय तो बचावाचे उपाय योजतो. हात कापू नयेत म्हणून खिशात घालणे, वाक्य मनात तीनदा घोळवून मग बोलणे, लग्नघरी कोणी ओळखीचे दिसले की मोबाईल कानाला लावणे, हे ते उपाय. त्यांनी त्या क्षणापुरते निभावते, पण ‘उपाय केला म्हणून वाचलो’ ही समजूत पक्की होते आणि भीती तिथल्या तिथे राहते. फळ्यावरच्या यादीतले सात उपाय माझे होते. शेअर ऑटोत ‘थांबवा’ म्हणायला जीभ न उचलल्यामुळे दुसरा कोणी उतरेपर्यंत पुढे जायचे आणि एक चौक मागे चालत यायचे, हा आठवा मी स्वतः सांगितला, तर आणखी तिघांनी माना डोलावल्या.

वर्गातला सर्वांत मोलाचा भाग चौथ्या रविवारचा. प्रत्येकाने दोन मिनिटे उभे राहून आपल्या कामाविषयी बोलायचे आणि त्याचे चित्रीकरण व्हायचे. ते पाहण्याआधी आपण पडद्यावर कसे दिसू, हे कागदावर नेमके लिहून द्यायचे होते. आवाज सतत कापतो, कपाळावर घाम, चेहरा लालभडक, दर वाक्याला अडखळतो, असे मी लिहिले. पडद्यावर हिशेब विभागातला एक सामान्य कारकून जरा घाईने भविष्य निर्वाह निधीच्या कपातीविषयी बोलत होता; कान तांबडे झाले होते, हे खरे, आणि दोनदा तो अडखळला. घाम शोधूनही सापडला नाही. शेजारच्या मुलीला तर माझे कानही दिसले नव्हते. ‘तुम्ही छान बोलता’ असे कोणी शंभर वेळा सांगितले असते तरी जे पटले नसते, ते या दोन मिनिटांनी पटवले.

त्यानंतरचे रविवार खोलीबाहेरचे. प्रत्येकाने आपल्या भीतींची उतरंड लावायची, खालच्या पायरीपासून एकेक करून पाहायची आणि आधी अंदाज, नंतर घडलेले, असे वहीत नोंदवायचे. बर्डीच्या बाजारात एका दुकानात जाऊन चार सदरे काढायला लावायचे आणि न घेता बाहेर पडायचे, हे एकाच्या वाट्याला आले. माझे काम वरवर फारच किरकोळ होते. मला आम्लपित्ताचा त्रास आहे, तरी पोह्यांच्या गाड्यावर ‘तर्री?’ (पोह्यांवर ओतायचा झणझणीत रस्सा) असे विचारले की वर्षानुवर्षे मी मान हलवत आलो आणि दुपारभर जळजळ सोसत आलो. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण आजी उगाच म्हणत नसे. तर नागपुरात, ऐन गर्दीत, तर्री नको म्हणायचे. ‘लोक हसतील, ९० टक्के’ असा अंदाज मी लिहिला. गाड्यावर सात-आठ जण होते. मी म्हणालो, “तर्री नको, नुसते पोहे द्या.” झारा हवेत धरून पोहेवाल्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “तर्री नाही, त मंग पोहे कायले खाता भाऊ?” आणि लोक खरोखर हसले. पाठ्यपुस्तकात अशा प्रयोगाचा शेवट ‘कोणाचेही लक्ष गेले नाही’ असा होतो; माझ्या बाबतीत तसे झाले नाही. पण ते हसणे दोन सेकंदांचे होते. बशीत पोहे पडले, वर कांदा आणि शेव आली, पोहेवाला पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला आणि मी तिथेच उभा राहून शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ले. वहीत मॅडमांनी ‘अंदाज बरोबर’ असे लिहिले आणि त्याखाली विचारले, ‘मग पुढे काय झाले?’ त्या रकान्यात लिहिण्यासारखे माझ्याकडे काहीच नव्हते.

आता तक्रारी. शेवटच्या रविवारी पूर्वसूचना न देता सर्वांना एकेक करून व्यासपीठावर बोलावले, प्रमाणपत्र दिले आणि पाहुण्यांसमोर मनोगत मागितले. पायरीपायरीने जायचे, हे आठ आठवडे शिकवून ऐन वेळी माणसाला वरच्या पायरीवर उभे करणे हे त्यांच्याच शिकवणुकीच्या विरुद्ध होते. एक जण पाणी प्यायचे निमित्त करून जो गेला तो परत आलाच नाही. दुसरे म्हणजे त्या कार्यक्रमाची छायाचित्रे न विचारता व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकली. तिसरी तक्रार खोलीची: शेजारच्या मंगल कार्यालयात वाजंत्री सुरू झाली की मागच्या रांगेत काही ऐकू येत नाही.

हा वर्ग कोणासाठी नाही, हेही सांगायला हवे. लाजाळूपणा हा स्वभाव आहे, आजार नाही. मात्र सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ भीती टिकून राहिली आणि तिच्यापायी नोकरी, शिक्षण, घराबाहेर पडणे अडू लागले, तर त्याला सामाजिक भयगंड म्हणतात. १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात त्याची प्रथम स्वतंत्र नोंद झाली आणि त्यावर मानसोपचार तसेच औषधे, दोन्ही उपलब्ध आहेत. चारचौघांत जाण्यासाठी आधी दारू घ्यावी लागत असेल किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर रविवारच्या वर्गाची वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञाला भेटावे. मानकापूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे, आणि केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आणि चोवीस तास चालतो. आमच्या तुकडीतल्या एकाला मॅडमांनी पहिल्याच भेटीनंतर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवले आणि त्याचे शुल्क परत केले, ही गोष्ट मला प्रमाणपत्रापेक्षा मोठी वाटते.

कार्यालयातल्या मासिक बैठकीत मी अजूनही सर्वांत कमी बोलणारा आहे, पण हजेरीपटावर सही करून मागच्या दाराने निसटणे बंद झाले आहे. ४,८०० रुपयांत एवढे मला पुरेसे वाटते. पुढच्या तुकडीसाठी फोनऐवजी संदेश पाठवूनही नोंदणी करता येईल, असे आता त्यांच्या फलकावर लिहिले आहे. ते लिहून घेण्यासाठी मी स्वतः त्यांच्या कचेरीत जाऊन सांगितले. त्या वेळी समोर तीन अनोळखी माणसे बसली होती आणि माझे कान नक्कीच तांबडे झाले असणार.